कॉम्प्युटर मध्येच बंद होऊन परत का सुरू होतो?

(सामुदायिक रेडिओवरील बोलणे, वाचक-मैत्रिणींसाठी)

मागच्या काही वर्षांत गटाच्या कामात कॉम्प्युटर आला. उमेदचा गट असो नाहीतर माविमचा, ग्रामसंघाच्या खोलीत किंवा सचिव ताईच्या घरी एका कोपऱ्यात टेबलावर तो बसलेला असतो. कुणी तालुक्याहून जुना घेतलेला, कुणाला मुलानं शहरातून पाठवलेला. बचतीचा हिशेब त्याच्यावर, कर्जाचे हप्ते त्याच्यावर, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी त्याच्यावर आणि पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्मही त्याच्यावरच. मग एक दिवस त्याला खोड लागते. काम चालू असताना स्क्रीन काळी होते, दोन क्षणांनी कंपनीचं नाव उमटतं आणि काहीच घडलं नाही अशा थाटात तो पहिल्यापासून सुरू होतो. बटणाला कुणी हातही लावलेला नसतो.

असं का होतं, त्यातलं घरच्या घरी काय ओळखता येतं आणि कुठे दुरुस्तीवाल्याला बोलवायचं, हे आज बोलू.

हा त्रास किरकोळ नाही. समजा बैठक झाली, सतरा जणींचे हप्ते लिहून झाले आणि अठराव्या नोंदीला कॉम्प्युटर गेला. सेव्ह केलेलं नव्हतं. दमलेली सचिव ताई रात्री आठवून आठवून परत लिहिते आणि एकीचा हप्ता राहून जातो. पुढच्या महिन्यात त्या बाईच्या नावावर थकबाकी दिसते. ती म्हणते, "मी भरलेत." बाकीच्या म्हणतात, "कॉम्प्युटर खोटं बोलतो का?" गट मोडायला एवढं पुरतं. दुसरा धोका दुरुस्तीचा. दुरुस्तीवाला येतो, पाच मिनिटं बघतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल," किंवा "मदरबोर्ड गेलाय." फॉरमॅट मारला तर हिशेब पुसला जातो, आणि मदरबोर्ड म्हणजे हजारांची गोष्ट. दोन्ही करूनही आठ दिवसांनी खोड तशीच राहते, कारण खरं दुखणं यूपीएसच्या मेलेल्या बॅटरीत असतं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

म्हणून सगळ्यात आधी हिशेबाची नक्कल काढा. एक चांगला पेनड्राइव्ह घ्या, गटाच्या सगळ्या फायली त्यात कॉपी करा आणि उघडून बघा की खरंच आल्यात. शक्य असेल तर दुसरी नक्कल दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा दुसऱ्या पेनड्राइव्हवर. काही गटांत रोकड पेटीच्या किल्ल्या वेगवेगळ्या जणींकडे असतात. पेनड्राइव्हही त्याच पेटीत गेला तर उत्तम. दुरुस्ती संपेपर्यंत दर दोन-तीन नोंदींनंतर कंट्रोल आणि एस ही दोन बटणं एकत्र दाबायची सवय लावा, म्हणजे तिथपर्यंतचं काम सेव्ह होतं. कागदी वही तर ठेवाच. कॉम्प्युटर आला म्हणून वही बंद करणाऱ्या गटांचं मला काही पटत नाही.

आता निदानाकडे. ताप आला की आशाताई काय विचारते? कधी येतो, संध्याकाळी की दिवसाआड, थंडी वाजून येतो का? कॉम्प्युटरचंही तसंच आहे. तो कधी बंद पडतो यावरून निम्मं दुखणं कळतं. एक जुनी वही घ्या आणि आठवडाभर लिहा: तारीख, वेळ, सुरू करून किती वेळ झाला होता, आपण काय करत होतो, त्या क्षणी दिवा मंद झाला का, शेजारी गिरणी किंवा मोटार सुरू झाली का, कॉम्प्युटर गरम होता का. एवढी नोंद हातात असली की दुरुस्तीवाल्यालाही तुम्हाला वाटेल ते सांगता येत नाही.

नोंदीत जर दिसलं की मोटार सुरू होताना, दिवा लुकलुकताना किंवा लाइट जाता-येताना तो बंद पडतो, तर दुखणं विजेत आहे. खेड्यापाड्यात आधी शंका घ्यावी ती याचीच, म्हणून इथे थोडं सविस्तर सांगते.

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. कॉम्प्युटरच्या आतल्या नाजूक भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्ट एवढीच लागते. ते रूपांतर करणारा लोखंडी डबा आत असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. मागच्या बाजूला जिथे वायर खोचतो आणि छोटा पंखा दिसतो, तोच तो. बाहेरची वीज क्षणभर तुटली तर हा डबा आपल्याजवळच्या साठ्यावर आतल्या भागांना तग धरायला लावतो, पण किती वेळ? सेकंदाचा साधारण साठावा भाग. डोळ्याची पापणी लवायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे जी झुळूक आपल्याला बल्ब जेमतेम लुकलुकल्यासारखी वाटते, ती कॉम्प्युटरला बंद पाडायला पुरेशी असते.

आता गिरणीकडे बघा. घरघंटी असो की मिरची कांडपाचं यंत्र, त्यातली मोटार चालू असताना जेवढी वीज ओढते त्याच्या पाच ते सात पट वीज ती सुरू होण्याच्या पहिल्या क्षणी ओढते. जड गाडी ढकलताना पहिल्या धक्क्याला जोर लागतो, तसंच. घरातली वायर बारीक असेल आणि गिरणी व कॉम्प्युटर एकाच लाइनवर असतील, तर त्या क्षणी कॉम्प्युटरच्या वाट्याला वीज कमी पडते. हे तपासायला सोपं आहे. सगळं सेव्ह करून, कामाच्या फायली बंद करून कॉम्प्युटर नुसता चालू ठेवा आणि एकीला गिरणी चार-पाच वेळा चालू-बंद करायला सांगा. त्यात तो बंद पडला तर उत्तर मिळालं. वायरमनकडून कॉम्प्युटरसाठी मीटरपासून वेगळी वायर ओढून घ्या. हा खर्च एकदाच होतो आणि मदरबोर्डाच्या मानानं कमीच असतो.

"पण आमच्याकडे यूपीएस आहे," असं म्हणाल. असेल, पण त्याची बॅटरी जिवंत आहे का? छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्टची ७ एएचची शिशाची बॅटरी असते. दोन-तीन वर्षांत ती थकते. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवली तर आणखी लवकर. यूपीएसचा हिरवा दिवा बॅटरी मेल्यावरही लागतोच, म्हणून दिव्यावर विश्वास नको. सगळं सेव्ह करून भिंतीवरचं यूपीएसचं बटण बंद करा. कॉम्प्युटर पाच-दहा मिनिटं चालत राहिला पाहिजे. लगेच अंधार झाला तर बॅटरी संपली. आणि मेलेल्या बॅटरीचा यूपीएस असण्यापेक्षा नसलेला बरा. व्होल्टेज जरा घसरलं की तो कॉम्प्युटरला बॅटरीवर टाकायला जातो, तिथे काहीच नसतं आणि कॉम्प्युटर बंद पडतो. थेट भिंतीला जोडलेला असता तर कदाचित तगलाही असता. नवा यूपीएस घेण्याची गरज नाही, नुसती बॅटरी बदलता येते. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका. त्यात शिसं आणि आम्ल असतं. दुकानदाराला परत द्या, तो भंगाराचे पैसेही वजा करतो.

आणखी एक गोष्ट हमखास सापडते. यूपीएसच्या मागच्या प्लगांत कॉम्प्युटर, मॉनिटर आणि त्यांच्यासोबत प्रिंटरही खोचलेला असतो. लेझर प्रिंटर कागद काढायच्या वेळी आतली पट्टी तापवतो आणि तेव्हा शेकडो वॅट ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस खरं तर ३६० वॅटच्या आसपासच देऊ शकतो. मग बचतीचा तक्ता प्रिंटला दिला की यूपीएस ओरडतो आणि सगळंच बंद! नोंदवहीत "प्रिंट काढताना" असं दोनदा दिसलं तर प्रिंटरची वायर काढून थेट भिंतीवरच्या प्लगमध्ये लावा. झाली दुरुस्ती.

इन्व्हर्टर असलेल्या घरांसाठी एक खास सूचना. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक छोटा खटका असतो: एका बाजूला नॉर्मल, दुसऱ्या बाजूला यूपीएस. नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर जरा सावकाश सुरू होतो. पंख्या-दिव्यांना ते चालतं, कॉम्प्युटरला चालत नाही. खटका यूपीएसकडे केला की बदल झटकन होतो. तोटा एवढाच, की यूपीएसवर ठेवल्यावर व्होल्टेज थोडं कमी झालं तरी तो बॅटरीवर जातो. तुमच्या गावात व्होल्टेज दिवसभर कमी असेल तर बॅटरी लवकर उतरेल. म्हणून कॉम्प्युटर वापरायचा तेव्हा यूपीएसवर, एरवी नॉर्मलवर असं करता येतं. स्टॅबिलायझर हा वेगळा प्रकार. तो कमी-जास्त व्होल्टेज सावरतो, पण लाइट तुटली तर एक क्षणही धरत नाही.

हे सगळं ठीक असेल तर वायरी बघा. सीपीयूच्या मागची काळी जाड वायर हलली की कॉम्प्युटर बंद पडतो, हे झाडू मारताना कितीदा होतं! एक्स्टेन्शन बोर्डाचा प्लग ढिला असला, त्यातून चर्र आवाज येत असला किंवा त्याला करपल्याचा वास असला तर तो बोर्ड त्याच दिवशी फेकून द्या. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. कॉम्प्युटरचं नंतर बघू. ते आधी माणसाच्या जिवाचं काम आहे. थ्री-पिनची जाड पिन कापून टू-पिनमध्ये खोचलेली असते, ते आधी बदला. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता, माती कोरडी पडली की अर्थिंग काम करत नाही.

आता दुसरी तऱ्हा. सकाळी सुरू केला की अर्धा-पाऊण तास छान चालतो, मग बंद पडतो. लगेच सुरू केला तर या वेळी दहा मिनिटांतच जातो. तासभर थांबलात तर परत अर्धा तास चालतो. दुपारी जास्त, पहाटे कमी. थंडीत कमी, चैत्र-वैशाखात जास्त. अशी नोंद असेल तर डोळे झाकून समजा की उष्णता साचते आहे.

कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो बिस्किटाएवढा असतो आणि काम करताना चांगलाच तापतो. त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा बसवलेला असतो आणि त्यावर पंखा. पात्यांमधून हवा खेळली की उष्णता निघून जाते. पात्यांमध्ये धूळ भरली की हवा थांबते. तापमान १०० अंशांच्या आसपास जाऊ लागलं की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर जळण्यापेक्षा बंद पडतो. म्हणजे हा बिघाड नसून त्याने स्वतःला वाचवणं आहे. बंद पडण्याआधी कॉम्प्युटर संथ झाला होता का, पंख्याचा घरघर आवाज वाढला होता का, हेही वहीत लिहा.

ज्या खोलीत पीठ दळलं जातं, मिरची कांडली जाते, तिथला कॉम्प्युटर वर्षभरात आतून कसा होतो ते एकदा उघडून बघाच. पिठाचा कण बारीक, त्याला हवेतला ओलावा लागला की पात्यांवर लेप बसतो, अगदी चाळणीला बसतो तसा. मिरचीच्या पुडीत तेलाचा अंश असतो, ती तर चिकटूनच राहते. मुंग्यांचं वारूळ, झुरळं, एखादी वाळलेली पाल, हेही निघतं. म्हणून कॉम्प्युटर गिरणीच्या खोलीत नकोच. जागाच नसेल तर दळण चालू असताना तो बंद ठेवा आणि वर सुती कापड टाका. सुरू करताना ते कापड न विसरता काढा, नाहीतर तेच पंख्याला गुदमरवतं.

सफाई बाईमाणसाला जमण्यासारखी आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कॉम्प्युटर बंद करा, मागची वायर पूर्ण काढा, मग सुरू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. डबा अंगणात, निदान ओसरीत न्या. पदर खोचा, बांगड्या वर सारा. एका बाजूचे दोन स्क्रू काढले की पत्रा सरकतो. आतल्या लोखंडाला एकदा हात टेकवा, अंगातली स्थिर वीज उतरते. हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर घालून हे काम करू नका. कोरडा, मऊ, नवा रंगाचा ब्रश घ्या आणि पात्यांमधली धूळ हलक्या हाताने सोडवा. ब्लोअर असेल तर लांबून मारा, पण पंख्याचं पातं बोटाने किंवा पेन्सिलीने धरून ठेवा. वाऱ्याने पंखा भणभण फिरला तर त्याचा बेअरिंग खराब होतो. ओलं फडकं अजिबात नको. मागच्या एसएमपीएसच्या डब्याला बाहेरून ब्रश फिरवा, पण त्याचे स्क्रू कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या आत जोरदार धक्का देईल एवढी वीज साठलेली असू शकते.

पत्रा लावण्याआधी वायर जोडून, आत हात न घालता, कॉम्प्युटर एकदा सुरू करून बघा. प्रोसेसरवरचा पंखा लगेच आणि सरळ फिरला पाहिजे. अडखळत असेल तर पंखा बदलायचा, ते स्वस्तातलं काम आहे. सफाईनंतरही तापत असेल तर प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधली पेस्ट वाळलेली असते. राखाडी-पांढरी मलमासारखी असते ती. जुनी पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावतात. हे मात्र दुरुस्तीवाल्याकडून, समोर बसून करून घ्या.

तिसऱ्या प्रकारात ना वेळेचा मेळ, ना विजेचा, ना उन्हाचा. कधी दोन मिनिटांत, कधी दोन दिवसांनी. इथे एक चाचणी फार उपयोगाची आहे. कॉम्प्युटर सुरू होताच डिलीट किंवा एफ टू हे बटण टकटक दाबत राहा. निळी किंवा काळी, इंग्रजी अक्षरांची एक स्क्रीन येईल, तिला बायोस म्हणतात. तिथे काही बदलू नका, नुसतं तसंच अर्धा तास राहू द्या. अजून विंडोज सुरूच झालेलं नाही, त्यामुळे व्हायरस, प्रोग्राम, फायली यांचा इथे काही संबंध नाही. इथेही कॉम्प्युटर आपोआप बंद-चालू झाला तर दोष यंत्रात किंवा विजेत आहे. मग फॉरमॅट मारून काडीचा उपयोग नाही आणि तसं म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. अर्धा तास शांत राहिला तर संशय विंडोजकडे वळतो. मात्र बायोसमध्ये यंत्राला फारसं काम नसतं, म्हणून यंत्र शंभर टक्के निर्दोष ठरलं असंही नाही. काही कॉम्प्युटरवर याच स्क्रीनवर तापमान दिसतं. ४०-५० अंश ठीक, ८०च्या वर चढत जात असेल तर वरची सफाई परत करा. बाहेर पडताना एस्केप दाबून, काही सेव्ह न करता निघा.

यंत्रातला दोष बहुतेक वेळा तीन ठिकाणी निघतो. एक, रॅमची पट्टी. वायर काढलेली असताना दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या की ती वर येते. तिच्या सोनेरी दातांवरून स्वच्छ, पांढरं खोडरबर हलकेच फिरवा, चुरा झटकून टाका आणि परत कट्ट आवाज येईपर्यंत दाबून बसवा. दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून दोन-दोन दिवस चालवा. एकीवर त्रास होतो आणि दुसरीवर नाही, तर चोर सापडला. विंडोजमध्ये रॅम तपासायची सोयही आहे: विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकट येईल, तिच्यात एम, डी, एस, सी, एच, ई, डी ही अक्षरं सलग लिहून एंटर दाबा. कॉम्प्युटर बंद होऊन तपासणी सुरू होते. तिला वेळ लागतो, म्हणून रात्री लावा. दोन, एसएमपीएस. जुना झाला की १२ व्होल्टच्या जागी कमी-जास्त देऊ लागतो. मीटर लावून तपासला तर १२ची वायर ११.४ ते १२.६ च्या आत हवी. दुरुस्तीवाल्याकडचा दुसरा चांगला डबा दोन दिवस लावून बघणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. तीन, मदरबोर्डावरचे छोटे उभे डबे, कॅपॅसिटर. त्यांची टोपी सपाट असते. फुगलेली किंवा तिच्यातून तपकिरी डाग आलेला दिसला, तर मदरबोर्डाचं दुखणं खरं. चांगला कारागीर तेवढेच डबे बदलून देतो, अख्खा बोर्ड बदलावा लागेलच असं नाही.

हो, आणि पुढचं रिस्टार्टचं छोटं बटण आत अडकलेलं नाही ना, तेही बघा. लहान मुलांच्या घरात कारण तेवढंच निघतं.

उरलं विंडोजचं. बायोसमध्ये त्रास नाही, पण विंडोजमध्ये एखादा ठरावीक प्रोग्राम उघडला, प्रिंटर किंवा बोटाचा ठसा घेणारं यंत्र जोडलं की कॉम्प्युटर जातो, असं असेल तर खरं कारण विंडोज आपल्याला एका निळ्या स्क्रीनवर सांगत असतं. अगदी नव्या विंडोजमध्ये ती काळी असते. पण ती क्षणभर येते आणि कॉम्प्युटर लगेच परत सुरू होतो, कारण तशी सेटिंग केलेली असते. ती काढून टाका. विंडोजचं बटण आणि आर दाबून आलेल्या चौकटीत एस, वाय, एस, डी, एम, मग टिंब, मग सी, पी, एल लिहा. उघडलेल्या खिडकीत वरच्या ॲडव्हान्स्डवर जा, खाली स्टार्टअप अँड रिकव्हरीचं सेटिंग्ज दाबा आणि ऑटोमॅटिकली रिस्टार्टसमोरची खूण काढा. आता पुढच्या वेळी ती स्क्रीन थांबून राहील. मोबाइलने तिचा फोटो काढा. त्यावरचं इंग्रजी आपल्याला कळलं नाही तरी चालेल, जाणत्याला त्यातून दोष कोणत्या प्रोग्रामचा आहे ते कळतं. या उलट खूण काढूनही स्क्रीन थांबत नाही, झटक्यात काळोख होतो, तर परत वीज, उष्णता आणि एसएमपीएसकडेच चला.

कधीकधी कॉम्प्युटर बिघडलेलाच नसतो, तर विंडोज स्वतःला अपडेट करत असतं. तेव्हा तो सावकाश बंद होतो, गोल फिरत राहतो आणि टक्केवारी दाखवतो. त्या वेळी वैतागून वायर ओढू नका, तसं केलं तर मात्र खरंच बिघडेल. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या खाली ॲक्टिव्ह अवर्स असतात, तिथे आपल्या कामाच्या वेळा टाकल्या की त्या वेळात तो आपणहून बंद होत नाही.

एका ताईंचा प्रश्न असा आहे: "आमच्या कॉम्प्युटरची तारीख सारखी मागे जाते, त्यामुळेच तो बंद पडतो का?" नाही ताई. तारीख मागे जाते ती आतल्या गोल, नाण्यासारख्या बॅटरीमुळे. ती बदलून टाका, कारण तारीख चुकली की बँकेच्या आणि सरकारी वेबसाइटी उघडत नाहीत आणि हिशेबावर चुकीची तारीख पडते. आपोआप बंद पडण्याचं कारण मात्र वेगळं शोधावं लागेल. दुसऱ्या एकींनी लॅपटॉपबद्दल विचारलंय. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे ती चांगली असेल तर गिरणीच्या झटक्याने तो बंद पडत नाही. तो आपोआप बंद होत असेल तर आधी खालची जाळी बघा. गोधडीवर ठेवून वापरलात की हवा बंद होते.

दुरुस्तीवाल्याकडे जायची वेळ आलीच, तर वही सोबत न्या आणि काय-काय तपासून झालं ते सांगा. जमलं तर त्याला घरी बोलवा, कारण दोष तुमच्या घरच्या विजेत असेल तर त्याच्या दुकानात कॉम्प्युटर महिनाभरही बंद पडणार नाही आणि तो म्हणेल, "काही झालेलं नाही." दुकानात ठेवावाच लागला तर हिशेबाच्या फायली पेनड्राइव्हवर काढून घ्या. कॉम्प्युटरवर सदस्यांचे आधार, बँकेचे पासवर्ड असतील तर त्या फायली तिथून पुसा. उघडून हार्डडिस्क आणि रॅमवरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. भाग बदलला तर जुना भाग परत मागा, नव्याची पावती घ्या, वॉरंटी किती ते त्यावर लिहून घ्या. फॉरमॅट आपल्याला विचारल्याशिवाय करायचा नाही, हे पावतीवरच लिहून घेतलेलं बरं. पैसे घेऊन काम नीट केलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

आणि शेवटी डीपीचं बघू. वेगळी वायर टाकली, यूपीएसची बॅटरी बदलली, तरी शेतीपंपांची थ्री-फेज लाइट आली की गावभर दिवे मंद होत असतील, तर एका घराचा उपाय पुरणार नाही. नियमाप्रमाणे घरच्या विजेचं व्होल्टेज २३० पेक्षा सहा टक्क्यांहून जास्त खाली-वर व्हायला नको, म्हणजे साधारण २१६ ते २४४ च्या आत हवं. प्लगमध्ये खोचून व्होल्टेज दाखवणारं छोटं मीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तात मिळतं. त्यावरचे आकडे सकाळ, दुपार, संध्याकाळ असे आठवडाभर त्याच वहीत लिहा. मग महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक टिपून घ्या, आणि ग्रामसंघाच्या लेटरहेडवर, आकड्यांसकट, डीपीचा नंबर घालून शाखा कार्यालयात अर्ज द्या. घरघंटी, शिलाई मशीन, दूध संकलन, शाळेचा कॉम्प्युटर, ज्यांना-ज्यांना त्या व्होल्टेजचा त्रास आहे त्यांच्या सह्या घ्या. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि ती प्रत वहीत चिकटवून ठेवा.